बिनथैलीचं गिऱ्हाईक

४ जुलै, मंगळवार

सगळ्यात पहिले आज तोच आला – बिनथैलीचा पोट्टा! अजून माझी बोरी उलगडली नव्हती, मिरच्यांवर पाणी मारून राहिली होती, अन् हा समोर उभा. बाजूच्या पसऱ्यावरच्या बिसाहिनच्या तोंडाले त नेहमीचीच खाज. "का दाई, ये तोर दमाद ए का? बिहनिया-बिहनिया आ जाथे!" मी म्हटलं, सकाळी-सकाळी आला म्हणून जावई का? अवो, जावई असता त वांगे फुकट नेले असते. हा त नुसता विचारून जाते.

खरंच विचारूनच जाते. होळीपासून दर मंगळवारी येते. कांदा कसा, बटाटा कसा, भेंडी कशी, टमाटर कसे. बारक्या वहीत लिहिते अन् चालला! हाती थैली नाही, खिशात पिशवी नाही. पहिल्या दिवशी काहीतरी ऑफिस-ऑफिस म्हणाला होता. पण त्याच्या बोलण्यावरून मी ओळखलं – लाखनीकडचा! माझ्या माहेरचा! मग बाकीचं मी ऐकलंच नाही. नाव सुगत. मले मावशी म्हणते. हाडं मोजून घ्यावी असा वाळका.

साऱ्या बाजाराचे भाव लिहून नेत असन अन् जिथं दोन रुपये कमी तिथून घेत असन, बिचारा. माझी माय म्हणे, भाव विचारून मोकळ्या हातानं गेलेला माणूस म्हणजे आपल्या दारातून उपाशी गेला. अन् माहेरच्या माणसाले कोणी बाजारभाव सांगते का? उद्या लाखनीले गेली त तोंड कुठं लपवू?

कांदा-बटाट्याचा मी त्याले खराच सांगते, तो त्याले झेपते असं दिसते. पण टमाटर म्हटलं का त्याचा पेन थांबते. गळा हलते. मी पाहिलं आहे. म्हणून टमाटरचाच कमी करते.

आज टमाटर ८०. पोट्ट्याले सांगितला ५०. तरी नाही घेतला! लिहिलं अन् गेला.

५ जुलै, बुधवार

वही अर्धी माझी, अर्धी आमूची. पुढून तिचा अभ्यास, मागून माझं हे. नातीनंच दिली – "आजी, दिवसभर बोलतेस ते लिही, आमच्या कानाले आराम." शिक्षण माझं दुसरी. पुढची अक्षरं आमूच्या आजोबानं, जानरावनं, पोलादाच्या प्लांटात कोक ओव्हनची रात्रपाळी करून आल्यावर शिकवली. झोपेत शिकवली, म्हणून माझी वेलांटी अजून पेंगते.

आमू आज पुढचा भाग मोठ्यानं पाठ करून राहिली. अर्थशास्त्रात नापास झाली होती, २९ तारखेले पुन्हा पेपर आहे. "मुद्रास्फीति के कारण और प्रकार!" मी भाजी निवडत ऐकून राहिली. स्फीति म्हणजे काय व? म्हणे, "फुगणं, आजी. भाव फुगतेत." मी म्हटलं, भाव नाही फुगत, थैली आटते. तिनं ते लिहून घेतलं!

मग मले शिकवायले बसली. एक प्रकार म्हणे मागणीचा – लोकांच्या हाती पैसा जास्त अन् माल तेवढाच. अवो, हे मले नको सांगू! प्लांटवाल्यांचा थकलेला एरियर जमा झाला होता तवा संध्याकाळपर्यंत बाजारातली मासोळी अर्ध्यानं महाग. मासोळी तीच, तळं तेच, बँकेतला मेसेज फक्त नवा.

दुसरा खर्चाचा. डिझेल वाढलं, क्रेट वाढलं, हमाली वाढली. हाही माहीत आहे. हिवाळ्यात आपल्या धमध्याचे टमाटर शेतकरी रोडवर फेकतेत, कोणी दोन रुपयानं घेत नाही. पावसाळ्यात तेच टमाटर बंगलोरहून ट्रकमध्ये बसून साहेबासारखे येतेत. भाडं कोण देईन? खाणारा.

तिसरा बाहेरून आलेला – गोडं तेल, पेट्रोल. तिकडे समुद्रापलीकडे कोणी शिंकलं का आपली फोडणी महाग.

चवथा मले सगळ्यात आवडला. लोकांले वाटते का भाव वाढणार, म्हणून आजच चार किलो घेऊन ठेवतेत, अन् म्हणून भाव वाढते! ही त आपली बिसाहिन. दहा वाजता अफवा ऐकते, अकरा वाजता भाव वाढवते, अन् बारा वाजता म्हणते, "मैं त पहिलीच कहे रहेंव!"

मग चालीवरून प्रकार. रांगती, चालती, धावती, अन् शेवटी घोड्यासारखी उधळलेली. मायबाई! हे त लेकराचं झालं. रांगते तोवर सारे कौतुक करतेत, धावायले लागलं का कोणाच्या हाती नाही लागत.

मले इतकं येते त आमूऐवजी मीच पेपर देऊन येते, म्हटलं. ते हसली नाही.

८ जुलै, शनिवार

बिस्किटचा पुडा तोच, रंग तोच, दहा रुपये तेच. मोजले – दोन बिस्किट कमी! आमूले विचारलं हा कोणता प्रकार. म्हणे सिलेबसमध्ये नाही.

११ जुलै, मंगळवार

टमाटर १००. पोट्ट्याले ४०.

त्यानं मान वर केली. "मावशी, पक्कं? चाळीस?" मी म्हटलं, पक्कं, लाखनीची शपथ. तो पाहातच राहिला. मले वाटलं आता खिशात हात घालन, किलोभर घेईन. नाही! लिहिलं. बाजूले काहीतरी बारीक अक्षरात आणखी लिहिलं. मले राहवलं नाही, सांबाराची जुडी – इकडचे लोक धनिया म्हणतेत ते – त्याच्या खिशात घातली. त्यानं काढून परत ठेवली. "नको मावशी. नियम नाही."

सांबार घ्यायचा नियम नाही! कोन्या देशातून आला हा?

बिसाहिन म्हणे, "दाई, तैं बइहा गे हस." मी येडी झाली म्हणते. सौचा माल चाळीस सांगून राहिली म्हणून. मी म्हटलं, सांगाले काय पैसे लागते? त्यानं घेतला त माझं नुकसान. घेतच नाही त माझा दिलदारपणा फुकटचा!

पुढच्या मंगळवारी तीस सांगीन. पाहू कसा नाही घेत.

१४ जुलै, शुक्रवार

आनंदराव फर्स्ट शिफ्ट करून आला अन् बूट काढायच्या पहिलेच सुरू. माझा लेक रेल मिलमध्ये लोखंडाले सरळ करते, पण त्याचा स्वतःचा आवाज नेहमी चढलेला. आज राग महागाई भत्त्यावर. म्हणे, "माय, साऱ्या देशातल्या बाजारांतून भाव गोळा करतेत. त्याचा आकडा निघते. त्या आकड्यावर आमचा डीए. अन् हा आकडा म्हणते का महागाई इतकुशीच वाढली! कोन्या बाजारात जातेत हे लोक? मले दाखवा तो बाजार, मी तिथंच राहायले जातो!"

मलेही राग आला. माझं लेकरू भट्टीच्या झळा खाते अन् कोणीतरी सावलीत बसून खोटे भाव सांगते! मी म्हटलं, अशा माणसाले धरून चौकात उभं केलं पाहिजे.

"बिलकुल!" आनंदराव म्हणे. खूप दिवसांनी मायलेकाचं एकमत झालं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या त्यानं.

१८ जुलै, मंगळवार

आजचं लिहायचं मन नाही, पण लिहितेच.

आज पहिले एक बाई आली. कडक साडी, चष्मा, नाक असं का त्यानं कांदा चिरून घ्यावा. हातात मोठी थैली. मले बरं वाटलं – बोहणीलेच थैलीवालं गिऱ्हाईक! "टमाटर कैसे?" एकशेवीस. "कम नहीं होगा?" नाही व बाई, बंगलोरचा आहे, घरचा असता त दिला असता. पाव किलो घेतला, तीस रुपये मोजून दिले, अन् बिसाहिनकडे जाऊन भेंड्या चिवडत उभी राहिली. एकेक भेंडी मोडून पाहे. मनात म्हटलं, ही घरी नवऱ्यालेही अशीच मोडून पाहात असन.

दहा मिनिटांनी पोट्टा आला. तोंड उतरलेलं. कांदा विचारला, बटाटा विचारला, मग – टमाटर. मी आधीच ठरवलं होतं. "तीस! तुझ्यासाठी तीस रुपये किलो!" अन् त्यानं नाही म्हणायच्या आत सांबाराची जुडी त्याच्या खिशात कोंबली, पेनाच्या बाजूले.

"वाह!"

मागे तेच बाई. "दस मिनट में एक सौ बीस से तीस? अम्माजी, ये कौन सा टमाटर है?" मग तिचं बोट पोट्ट्याच्या खिशाकडे. "और ये? धनिया! अच्छा, तो ये चल रहा है."

पोट्टा पांढरा पडला. "मॅडम, मैंने –" इतकंच.

मग मॅडमच्या तोंडून कळलं – ते त्याच्या ऑफिसची साहेब. तो गिऱ्हाईक नाहीच! तो सरकारसाठी भाव लिहिते. ठरलेल्या बाजारात, ठरलेल्या दुकानात, दर मंगळवारी. रुआबांध्याच्या बाजारातलं टमाटरचं एक ठरलेलं दुकान म्हणजे – मी! चार महिन्यांपासून भारत सरकार मले टमाटरचा भाव विचारून राहिलं अन् मी सरकारले माहेरचा समजून सांगून राहिली!

खरं सांगते, वहीले काय लपवू – भीती वाटायच्या आधी क्षणभर छाती फुगली. मले विचारते सरकार! दुसरी पास शेवंताले!

पण मॅडम थांबली कुठं. बाकी दुकानांचे भाव शंभराच्या वर अन् याच्याच कागदावर चाळीस, म्हणून आज स्वतः आली म्हणे. हा घरी बसून आकडे लिहिते, नाही त दुकानदाराशी सेटिंग करून भाजी खाते. "इकतीस को इसका कॉन्ट्रैक्ट ख़त्म है. आगे बढ़ेगा कि नहीं, मेरी रिपोर्ट पे है." मी म्हटलं, मॅडम, मीच सांगितले तसे भाव, गरीब समजून. ते म्हणे, "जो एक बार भी ख़रीदता नहीं, उसके लिए कोई भाव घटाता है, अम्माजी? कहानी मत सुनाइए."

पोट्ट्यानं सांबार काढून माझ्या बोरीवर ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

बिसाहिन – जे मरणाच्या घरीही चूप बसत नाही – ते मोडलेल्या भेंड्या निवडत बसली.

१९ जुलै, बुधवार

घरी सांगितलं. आनंदराव ताटावरून उठला. "माय! म्हणजे तो माणूस तू होय! माझा भत्ता तू खाल्ला!"

मी म्हटलं, चौकात उभं करतोस का?

आमू त लोळून हसली. म्हणे, "पापा, पूरे देश में कितने बाज़ार, कितनी दुकानें, उसमें आजी का एक टमाटर. तुमचा डीए आजीनं हलत नाही. आजी म्हणजे धूळ आहे, धूळ!"

आता सांगा. देशाचं नुकसान केलं ऐकून जितकं वाईट नव्हतं वाटलं, तितकं धूळ ऐकून वाटलं.

२२ जुलै, शनिवार

त्याचं घर शोधत गेली. मरोद्याच्या आमच्या क्वार्टरपासून लांब नाही – रुआबांध्याच्या गल्लीत भाड्याची एकच खोली. दारात त्याचं लेकरू, पियूष नाव, नऊ महिन्यांचं. रांगते! सपासप! मले पाहून थेट माझ्या पायाशी.

बायको वसुंधरा. गोड पोरगी, साकोलीची. सुगत मले पाहून उठला. मी म्हटलं, शिव्या दे बाप्पा, त्यासाठीच आली. त्यानं नाही दिल्या. म्हणे, "चूक माझीही आहे मावशी. मी दुसऱ्या गिऱ्हाईकालेही विचारून पाहायचं होतं, ते कितीले नेतेत. पण तुम्ही लाखनीची शपथ घेतली. मी कागदावर बाजूले लिहिलं – विक्रेती पक्कं म्हणते."

मी कपाळाले हात लावला. मी लाखनीसाठी खोटं बोलली, त्यानं लाखनीसाठी ते खरं मानलं.

वसुंधरानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. वरण-भात. वरणात चिंच. मी म्हटलं, टमाटर घालत नाहीस? "यांले चिंचेचंच आवडते," म्हणे, अन् सुगतनं भाताकडे मान खाली घातली. दुसऱ्याच्या स्वयंपाकात आपण काय बोलावं.

निघताना एक आठवलं अन् हसू आलं. मी आत्ता सरकारी माणसाच्या घरी पोटभर जेवली – ते चालते! माझ्या सांबाराची जुडी मात्र लाच!

पण दारातून वळून पाहिलं त वसुंधरा लेकराले उचलून घेत होती अन् म्हणत होती, "एकतीस तारीख जाऊ दे रे राजा, मग तुले बूट घेऊ." हसू जिरलं.

२४ जुलै, सोमवार

काल रात्री झोप नाही. मॅडम विचारन त काय सांगू?

खरा भाव एकशेवीस म्हटलं त पोट्टा चोर. तीसच खरा म्हटलं त मॅडमले मी चौपट भावानं लुटलं, मी चोर. दोघंही वाचतील असा भाव कोणता? आमूच्या पुस्तकात इतके प्रकार आहेत महागाईचे – मागणीची, खर्चाची, रांगती, उधळलेली. काल संध्याकाळी आमूले विचारलं, दयेनं भाव पडते त्याचा प्रकार कोणता? म्हणे, नाही तसा. मी म्हटलं, मग कच्चं आहे पुस्तक.

तिनं वहीचं पान उलटलं अन् थांबली. "आजी... तू तर सगळं लिहिलंस. तारीख टाकून. बाजारभाव इतका, पोट्ट्याले इतका. हेच त पुरावा आहे!"

मी वही ओढून घेतली. पुरावा आहे, पण त्यात मॅडमचं नाकही आहे.

सारी रात्र विचार केला. नाक मोठं का लेकराचे बूट मोठे?

आज सकाळी सुगतले निरोप धाडला. मॅडमले सांग, म्हटलं, लेखी आहे माझ्याकडे.

२५ जुलै, मंगळवार

पहिले मॅडम आली, मागून सुगत. आमच्या क्वार्टरात सरकार आलं! आनंदरावनं बनियानवर शर्ट चढवला. मी चहा ठेवला. मॅडमनं कपाकडे पाहिलं अन् हात लावला नाही. बरोबर आहे, तिचाही नियम असन.

आमू वाचायले बसली – माझं मराठी वाचे, हिंदीत सांगे. चार जुलै, बाजार ८०, लड़के को ५०. अकरा जुलै, १०० अन् ४०. "नको मावशी, नियम नाही" – सांबार परत केला ते पान वाचलं तवा मॅडमनं चष्मा काढून पुसला. मग अठरा तारीख. आमू वाचता वाचता एकदम थांबली.

"रुक क्यों गईं? पढ़ो."

आमूनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पंख्यावर किती धूळ!

"पढ़ो बेटा. जैसा लिखा है वैसा."

वाचलं बाप्पा पोट्टीनं. नाक, कांदा, भेंडी, नवरा – एक शब्द नाही गाळला! आनंदराव उठून आतमध्ये गेला. सुगतनं डोळे मिटले. मी मनात त्रिशरण म्हणायले लागली.

मॅडमनं हळूच स्वतःच्या नाकाले बोट लावलं. म्हणे, "जो औरत अपनी कॉपी में मेरी नाक नहीं छोड़ती, वो भाव भी सच ही लिखती होगी."

अन् हसली! खरंच हसली, दात दिसले! मग मोबाईलनं पानांचे फोटो काढले. नाकाच्या पानाचाही काढला. सरकारी फाईलमध्ये लागन आता ते.

पण जाता जाता म्हणाली, "अम्माजी, आपकी दुकान लिस्ट से हटानी पड़ेगी. जिसको दया आती है, उससे भाव नहीं पूछ सकते." मी म्हटलं, अन् पोट्ट्याचं? "रिपोर्ट दूँगी. देखते हैं." इतकंच.

चहा मात्र उभ्यानं पिऊन गेली. मी नाही सांगितलं कोणाले.

२९ जुलै, शनिवार

आमूचा पेपर झाला. महागाईच्या प्रश्नात तिनं लिहिलं म्हणे – भाव फुगत नाहीत, थैली आटते. देव जाणे मार्क कोण देते.

३१ जुलै, सोमवार

आज एकतीस. काही निरोप नाही.

१ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून रस्त्याकडे डोळे. दहाले एक नवीनच पोरगी आली, हातात तशीच बारकी वही. मी सरळ होऊन बसली, पदर नीट केला. ते माझ्यासमोरून निघून गेली – बिसाहिनकडे!

बिसाहिन विकून राहिली होती एकशेचाळीसनं. पेन पाहिला अन् म्हणाली – दोनशे! मी पाहातच राहिली. पोरगी गेल्यावर विचारलं, कावून व? "सरकार हे दाई, ओखर करा अब्बड़ पइसा हे!" सरकारजवळ खूप पैसा आहे म्हणून!

मी कमी सांगितला दयेनं, तिनं जास्त सांगितला हावेनं. अन् कागद म्हणन – रुआबांध्यात पंधरा दिवसांत टमाटर तीसाचे दोनशे झाले, घोडा उधळला! घरी आनंदरावले सांगितलं त त्याचं तोंड फुललं. "सांगू दे, सांगू दे! हिले कोणी समजावू नका!" मी म्हटलं, आपण त धूळ आहो ना? म्हणे, "धूळ त धूळ, आपल्या बाजूनं उडू दे."

मले मात्र तेच लागून आहे. वही नवी, पोरगी नवी. म्हणजे सुगतचं गेलं का? विचारायले जावं त पाय उचलत नाही. त्या लेकराचे पाय दिसतेत.

आज कोणीच मले भाव विचारला नाही. म्हणजे गिऱ्हाईकांनी विचारला, पन्नासदा. पण तसा नाही विचारला – पेन थांबवून.

५ ऑगस्ट, शनिवार

आले! तिघंही आले! कॉन्ट्रॅक्ट वाढलं, बाजार बदलून दिला – आता सेक्टर १० कडे लिहिते. पियूष भिंत धरून उभं राहते, एक पाऊल टाकते अन् आपटते.

मी सुगतले म्हटलं, माफ कर बाप्पा, तुले गरीब समजून बसली, त्यात सारा घोळ झाला. तो हसला अन् खाली पाहायले लागला. वसुंधरानं कप खाली ठेवला. हळूच म्हणाली, "मावशी, जूनपासून आमच्या घरी टमाटर नाही आला. मंगळवारी हे घरी येऊन सांगत, मावशीकडे चाळीस आहे. मी म्हणे, मग आणा ना. हे म्हणत, तो भाव लिहायचा आहे व, घ्यायचा नाही."

मी म्हटलं – तीस. अन् हा लिहायचा नाही.

मंगळवारी येतो म्हणाले. थैली घेऊन.